फ्रान्समध्ये मास्टर्सला येऊन दोन महिने झाले, मन लागत नाही, परत जाऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ताई, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ग्रेनोबलला मास्टर्ससाठी आले. कोर्स इंग्लिशमध्ये आहे. फ्रेंच अकरावी-बारावीला स्कोअरिंग म्हणून घेतलं होतं, नंतर पुण्यात ए2, म्हणजे प्राथमिक लेव्हल, पर्यंत केलं, पण इथे कोणी बोललं की निम्मंही कळत नाही. वर्गातली फ्रेंच मुलं वाईट वागत नाहीत पण स्वतःहून बोलतही नाहीत. दुपारच्या सुट्टीत रोज घरी फोन करते, तेवढाच आधार. पहिल्या टेस्टमध्ये 20 पैकी 11 मिळाले, इतके कमी मार्क आयुष्यात कधी पडले नव्हते. दिवाळी खोलीत एकटीने काढली, शनिवार-रविवार तर खायला उठतो. बाबांनी लोन काढलंय म्हणून त्यांना काही सांगवत नाही. परत जाऊ का?"

अगं, मी बरीच वर्षं लिऑनला आहे, इथेच शिकले आणि आता युनिव्हर्सिटीत बाहेरदेशातून आलेल्या मुलांचं सगळं बघते, म्हणजे कागदपत्रं, खोली, प्रेफेक्चर (परदेशी लोकांचे राहण्याचे परवाने बघणारं सरकारी ऑफिस), रडारड सगळंच. आणि असे मेसेज दरवर्षी नोव्हेंबरमध्येच येतात, सप्टेंबरमध्ये जवळपास कोणाचाच येत नाही. कारण सप्टेंबरमध्ये सगळं नवीन असतं, बँक खातं उघडा, सिम घ्या, वेलकम वीक, डोंगरांचे फोटो, त्यात दिवस जातात. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि अचानक सव्वापाचला अंधार पडायला लागतो, ग्रेनोबलला तर तिन्ही बाजूंना डोंगर असल्यामुळे ऊन त्याच्याही आधी जातं. त्याच सुमाराला तूसाँची, म्हणजे सर्व संतांच्या सणाची, सुट्टी येते, फ्रेंच मुलं आपापल्या घरी जातात आणि रेसिडन्स, म्हणजे होस्टेल, रिकामं होतं. आपली दिवाळी त्याच्याच आगेमागे. पहिले मार्कही तेव्हाच हातात येतात. हे सगळं दोन-तीन आठवड्यांत एकदम अंगावर आलं तर कुणाचंही मन उडेल, त्यावरून तू इथे चुकीच्या जागी आलीयस असा अर्थ काढू नकोस.

बाकी बोलण्याआधी एक काम तपासून घे, आज, हे वाचून झाल्या झाल्या. तुझा व्हिसा विद्यार्थ्यांचा लाँग स्टेवाला असणार, व्हीएलएस-टीएस म्हणतात तो, आणि तो फ्रान्समध्ये उतरल्यापासून 3 महिन्यांच्या आत ऑनलाइन व्हॅलिडेट करावा लागतो. तू सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलीस म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मुदत आहे. सरकारी साइटवर व्हिसाचा नंबर, पत्ता, आल्याची तारीख टाकायची, टॅक्सचा ई-स्टॅम्प विकत घेऊन त्याचा नंबर टाकायचा, मग एक पीडीएफ येते. ती पीडीएफ आली असेल तर ठीक, नसेल तर जेवायच्या आधी हे कर. हे राहून गेलं तर तुझं इथलं राहणं बेकायदेशीर ठरतं आणि ख्रिसमसला घरी जाऊन आलीस तर परत येताना अडकशील. मन उदास असताना माणूस मेल उघडत नाही, लिफाफे तसेच पडून राहतात, आणि नेमका त्याच काळात हा कागद सुटतो, म्हणून इतकं ठासून सांगतेय.

आता तुझ्या मेसेजमधलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, जे तू जाताजाता लिहिलंयस: दुपारच्या सुट्टीत रोज घरी फोन करते.

बघ, हिवाळ्यात आपल्यात आणि भारतात साडेचार तासांचा फरक असतो. इथे साडेबारा वाजतात तेव्हा घरी पाच वाजलेले असतात, आई चहा टाकून निवांत बसलेली असते, त्यामुळे फोनला एकदम सोयीची वेळ. संध्याकाळी तू लॅबमधून खोलीवर येईपर्यंत तिकडे साडेदहा-अकरा होतात आणि ते झोपायच्या तयारीत असतात. म्हणून जवळजवळ प्रत्येक भारतीय मुलाचा घरचा फोन आपोआप दुपारच्या सुट्टीत जाऊन बसतो. आणि फ्रान्समध्ये दुपारी बारा ते दोन हीच ती वेळ असते ज्यात माणसं एकमेकांची होतात. इथे वर्गात कोणी गप्पा मारत नाही, लेक्चर संपलं की दप्तर उचलून निघतात, संध्याकाळी प्रत्येकाचं आपलं आपलं असतं. पण जेवण मात्र एकत्र, बसून, तासभर, ते कितीही गरीब विद्यार्थी असोत. ग्रुप प्रोजेक्टमध्ये कोणाला घ्यायचं, शनिवारी कोण कुठे जाणार, कोणत्या सरांच्या पेपरला काय येतं, हे सगळं त्या टेबलावर ठरतं. तू तेव्हा कॅम्पसच्या कोपऱ्यातल्या बाकावर कानात इयरफोन घालून आईशी बोलत असतेस, आणि त्यांना वाटतं हिला एकटं राहायचंय, हिला त्रास द्यायला नको. इथे दुसऱ्याच्या खासगी वेळेत शिरणं असभ्य समजतात, त्यामुळे ते स्वतःहून येणार नाहीत. तुला जो तुटकपणा वाटतोय त्यातला बराचसा हा प्रकार आहे.

म्हणून माझं पहिलं सांगणं, घरचा फोन सकाळी हलव. साडेसातला केलास तर घरी बारा वाजलेले असतात, आई स्वयंपाक आटपून मोकळी असते, दहा मिनिटं बोल, तिचा आवाज ऐकून दिवस सुरू कर. लांब गप्पा शनिवारी-रविवारी. दुपार मोकळी ठेव, किमान आठवड्यातून तीन दिवस.

आणि मोकळी ठेवून करायचं काय, तर बाराला लेक्चर सुटलं की जे चारजण एकत्र निघतात त्यांच्या मागे जाऊन सरळ विचारायचं, मी तुमच्याबरोबर जेवायला येऊ का. फ्रेंचमध्ये विचार, "ज प्यू माँजे अव्हेक वू?" एवढंच. नाही म्हणणारा मी पाहिलेला नाही. आपल्याकडे कोणी चल गं जेवायला म्हटल्याशिवाय जाणं बरं वाटत नाही, आपण बोलावण्याची वाट बघतो, आणि ते समजतात हिला यायचं असतं तर आली असती. दोन्हीकडून अशी वाट बघण्यात सेमिस्टर निघून जातं.

रेस्टो यूमध्ये, म्हणजे क्रूसच्या (विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या) मेसमध्ये, मुख्य पदार्थ आणि त्याबरोबर सॅलड, फळ, दही असं काहीतरी मिळून ताट मिळतं, मे 2026 आधी ते 3.30 युरोला आणि गरजू विद्यार्थ्यांना 1 युरोत मिळायचं, नंतर सगळ्याच विद्यार्थ्यांना 1 युरोत द्यायचं ठरलं. पैसे इझली नावाच्या अॅपवरून जातात, ते आधी चालू करून ठेव नाहीतर रांगेत उभं राहून मागचे सगळे खोळंबतात. तू व्हेज असशील तर काउंटरवर नुसतं व्हेजिटेरियन म्हणून थांबू नकोस, मांस नको आणि मासेही नकोत असं दोन्ही सांग, कारण मासे चालतात असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि कीशमध्ये (अंडं घातलेल्या खाऱ्या टार्टमध्ये) किंवा सॅलडमध्येही डुकराच्या मांसाचे बारके तुकडे असतात ते विचारून घे. टेबलावर पाण्याचा एक जग असतो, तो सगळ्यांचा मिळून, आणि रिकामा झाला की कोणीतरी उठून भरून आणतं. पहिल्या दिवशी तो तू भरून आण. बोलण्यातलं काही कळलं नाही तरी चालेल, बस, खा, जग भरून आण, दुसऱ्या दिवशी परत जा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला कोणीतरी विचारेलच, भारतात कुठून, घरी काय भाषा बोलता. पहिले काही दिवस दमायला होईल, डोकं भणभणेल, संध्याकाळी खोलीवर येऊन आडवी होशील. तसं प्रत्येकाचंच होतं, परक्या भाषेत तासभर कान देऊन बसणं हे अंगमेहनतीसारखंच काम आहे.

भाषेचं सांगते. बारावीला फ्रेंचमध्ये 95 पडलेली मुलं इथे येऊन पहिल्या आठवड्यात हादरतात, कारण आपण शिकलो ते लिहायचं फ्रेंच, धडा, व्याकरण, पत्रलेखन. इथली पोरं "ज न से पा" असं चार शब्द सुटे सुटे म्हणतच नाहीत, "शेपा" म्हणून मोकळी होतात, आणि तू आपली त्या चार शब्दांची वाट बघत बसतेस. म्हणजे तुझं फ्रेंच कच्चं आहे असं नाही, कान तयार नाहीये, आणि कान तयार होतो तो रोज थोडं थोडं ऐकून. आरएफआय रेडिओचा सोप्या फ्रेंचमधल्या बातम्यांचा कार्यक्रम आहे, साधारण दहा मिनिटांचा, सोबत लिखित मजकूरही मिळतो. ट्रॅममध्ये रोज एक ऐक, आधी न वाचता, मग वाचून. सिनेमा बघताना सबटायटल फ्रेंचच ठेव, इंग्लिश ठेवलंस की डोळे वाचतात आणि कान झोपतो.

बोलायला लागलीस की ते इंग्लिशवर येतील, तुला मदत म्हणून, किंवा त्यांनाही स्वतःच्या इंग्लिशची प्रॅक्टिस हवी असते. तिथे न लाजता सांग की मला फ्रेंचमध्येच बोलायचंय, हळू बोला. यातूनच जोडी जुळवता येते, अर्धा तास फ्रेंच अर्धा तास इंग्लिश, याला इथे ताँदेम म्हणतात. इंग्लिशमध्ये कोर्स असलेल्या फ्रेंच मुलांना इंग्लिशची भीती तुझ्या फ्रेंचइतकीच असते, त्यांचा रिपोर्ट तू वाचून दे, ते तुझा प्रेफेक्चरचा मेल वाचून देतील. याशिवाय ग्रेनोबलला युनिव्हर्सिटीचंच फ्रेंच शिकवणारं सेंटर आहे, क्युएफ, आणि तुझ्या डिपार्टमेंटमध्येही परदेशी मुलांसाठी फ्रेंचचे संध्याकाळचे वर्ग असतील. दुसऱ्या सेमिस्टरसाठी नाव कधी घालायचं ते स्कोलारितेच्या, म्हणजे विद्यार्थ्यांची नोंदणी बघणाऱ्या, ऑफिसात या आठवड्यातच विचारून ये. जाशील तेव्हा खिडकीपाशी आधी बोंजूर म्हणून समोरच्याचं बोंजूर येईपर्यंत थांब, मग प्रश्न. थेट एक्स्क्यूज मी करून कामावर आलं की इथे माणसं आखडतात, बेकरीत, बसमध्ये, सगळीकडेच.

कोर्स इंग्लिशमध्ये आहे म्हणून फ्रेंच लागणार नाही असं एजंट लोक सांगतात, त्याचा मला खरंच राग येतो. डिग्री मिळेल, पण इंटर्नशिप, घरमालक, डॉक्टर आणि मैत्री हे सगळं फ्रेंचमध्ये होतं.

आता ते 11 मार्क. अगं पोरी, 20 पैकी 10 ला इथे पास, 12 म्हणजे बऱ्यापैकी चांगलं, 14 चांगलं, 16 च्या वर अतिशय चांगलं असे मार्कशीटवरचे शेरेच आहेत. 16 वर्गात एखाद-दोघांना पडतात. 11 ला गुणिले पाच करून 55 टक्के असा हिशोब घालू नकोस, तो हिशोब इथे लागूच पडत नाही. वर्गाची सरासरी किती आली ते विचार, माझा अंदाज तू त्याच्या आसपासच असशील. शिवाय बहुतेक कोर्समध्ये एका विषयातले कमी मार्क दुसऱ्यातल्या जास्त मार्कांनी भरून निघतात, आणि राहिलंच तर दुसऱ्या सेशनला परत पेपर देता येतो. नियम प्रत्येक डिपार्टमेंटचे थोडे वेगळे, ते वर्षाच्या सुरुवातीला दिलेल्या परीक्षेच्या कागदात लिहिलेले असतात.

पण 11 चं 13 कसं करायचं तेही सांगते. तपासलेला पेपर बघायला मागायचा तुला हक्क आहे, सरांना मेल टाक, "बोंजूर मादाम" किंवा "बोंजूर मस्य" पासून सुरुवात, शेवटी "कोर्दियालमाँ" (आपल्या "स्नेहपूर्वक"सारखं), मध्ये दोन ओळी. त्यात रडगाणं नको आणि मार्क वाढवा असंही नको, कुठे सुधारता येईल ते समजून घ्यायचंय एवढंच. आपल्या मुलांचं बहुतेक वेळा एकच निघतं, जे जे येतं ते सगळं लिहिलेलं असतं. आपल्याकडे पुरवण्या जोडल्या की मार्क मिळतात अशी सवय लागलेली असते, इथे विचारलं तेवढंच, मांडणी करून, तुझं मत कशावर बेतलंय ते दाखवून लिहावं लागतं. पाठ केलेली व्याख्या जशीच्या तशी उतरवली तर मार्क तर मिळत नाहीतच, उलट घरी करायच्या असाइनमेंटमध्ये ती कॉपी समजली जाते आणि प्रकरण शिस्तपालन समितीपर्यंत जाऊ शकतं. आणखी एक, तेदे आणि तेपे, म्हणजे छोट्या गटाचे तास आणि प्रॅक्टिकल, तिथे हजेरी घेतात, ते चुकवू नकोस, आणि तिथे तोंड उघड, निदान एक प्रश्न तरी विचार.

शनिवार-रविवार खायला उठतो, हे खरंच आहे. शुक्रवारी दुपारी स्टेशनवर जाऊन बघ, निम्मं कॉलेज छोट्या बॅगा घेऊन घरी निघालेलं असतं, आईकडे कपडे धुवायला आणि जेवायला. रविवारी दुकानं बंद किंवा फार तर दुपारपर्यंत. म्हणून रविवार आधीच ठरवून ठेवावा लागतो, सकाळी उठून बघू काय करायचं असं म्हटलंस की रविवार गेलाच म्हणून समज. सकाळी स्टेशनजवळ रेल्वेपुलाखाली भाजीबाजार भरतो, एस्ताकादचा, तिथे जा. मेथी नाही मिळाली तरी कोथिंबीर, पालक, लाल भोपळा मिळतो, आणि बाजारातल्या माणसांना गप्पा मारायला वेळ असतो. मग एका कशाला तरी बांधून घे, दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच लोकांबरोबर. हे मी मुलांना इतक्यांदा सांगते कारण ज्यांचं इथे बस्तान बसतं त्यांच्यात ही एक गोष्ट हमखास दिसते. पार्ट्यांमध्ये ओळखी होतात आणि सकाळी विसरल्या जातात, दर मंगळवारी बॅडमिंटनला भेटणारी सहा माणसं मात्र डिसेंबरपर्यंत आपली होतात. युनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्स डिपार्टमेंटचे वर्ग अगदी स्वस्त असतात. ग्रेनोबलला तर वर्कोर, शार्त्रझ आणि बेलदोन असे तीन डोंगर उशाला, विद्यार्थ्यांचे ट्रेकिंगचे आणि स्कीइंगचे क्लब आहेत, सामान भाड्याने मिळतं, आणि सह्याद्रीत ट्रेक केलेली पोरगी असशील तर चढणं तुला जड जाणार नाही. फक्त बर्फ पडल्यावर क्लबबरोबरच जा, एकटीने नाही.

आपल्या लोकांबद्दल दोन टोकं बघते मी. काही मुलं सहाजण एका फ्लॅटमध्ये राहून वर्षभर मराठी-हिंदीतच जगतात, काही ठरवून भारतीयांना टाळतात की मला फ्रेंच व्हायचंय. दोन्ही नको. आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्या भाषेत हसून बोलणं, पिठलं-भात खाणं हे औषधासारखं लागतं, ते घे. पुढच्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी-सप्टेंबरच्या सुरुवातीला जमलं तर पॅरिसला ला शापेलला ये, तिथल्या तमिळ लोकांच्या गणपती मंदिराचा रथ निघतो, रस्त्यावर नारळांचे ढीग फुटतात, आपल्या मिरवणुकीपेक्षा पद्धत वेगळी पण देव तोच. आणि त्याआधी, येत्या 8 डिसेंबरला, लिऑनला ये. ग्रेनोबलहून ट्रेनने दीड तासाच्या आत पोचतेस. 1852 पासून इथले लोक त्या रात्री खिडक्यांच्या कठड्यावर काचेच्या ग्लासात मेणबत्त्या लावतात, आता त्याबरोबर शहरभर रोषणाईचा मोठा सोहळा असतो, पण मला जुन्या गल्ल्यांतल्या त्या खिडक्याच आवडतात, पणत्यांसारख्याच दिसतात. एकटी येऊ नकोस, जेवणाच्या टेबलावरच्या कोणाला तरी घेऊन ये. रेल्वेचं 27 वर्षांपर्यंतच्यांसाठी 49 युरोचं वार्षिक कार्ड निघतं, वर्षातून चार-पाच प्रवास केलेस की वसूल होतं.

खाण्याचं लिहायचं तर पानं भरतील, थोडक्यात सांगते. मसूरडाळ कुठल्याही सुपरमार्केटात लेंतीय कोराय नावाने मिळते, छोले डब्यात, बारीक रवा म्हणजे सेमूल फीन, ताक हवं तर अरबी दुकानात लबन माग. फ्रोमाज ब्लाँ, म्हणजे दह्यासारखं मऊ चीज, फडक्यात बांधून टांगलंस की चक्का तयार, साखर-वेलची घाल, श्रीखंड झालं, वर्गातल्या पोरांना एकदा खायला घाल. घरून आणलेला अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर चालणार नाही, त्यावर स्टीलचा इंडक्शनवाला लागतो. फोडणी देताना खिडकी उघडी ठेव, धुराचा अलार्म वाजला की सगळा मजला खाली उतरतो.

पैशाचा ताण तुझ्या मेसेजमध्ये ओळींच्या मध्ये दिसतोय म्हणून हे. भाड्यासाठी काफची, म्हणजे सरकारी भत्ते देणाऱ्या ऑफिसची, मदत युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही मिळायची, पण 2026 च्या बजेटमध्ये स्कॉलरशिप नसलेल्या आपल्यासारख्यांची ती काढून घ्यायचं ठरलं, त्यामुळे वर्षाचं गणित ती धरून करू नकोस, मिळाली तर वरकड. स्टुडंट व्हिसावर वर्षाला 964 तास काम करता येतं, साधारण आठवड्याला अठरा-एकोणीस तास पडतात, पण पहिल्या सेमिस्टरला मी म्हणेन शनिवारचे चार-पाच तासच घे, मुलांना इंग्लिशमध्ये सांभाळायचं काम मागितलंस तर फ्रेंचही कानावर पडतं. रोख पैसे देतो, कागद नको म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस, व्हिसाला धोका आहे. महिनाअखेर खरंच ओढाताण असेल तर विद्यार्थ्यांना मोफत किराणा वाटणाऱ्या संस्था कॅम्पसवर येतात, रांगेत उभं राहायला संकोच करू नकोस, फ्रेंच मुलंही त्याच रांगेत असतात. आणि क्रूसची सोशल वर्कर असते, अपॉइंटमेंट फुकट, परदेशी मुलांनाही अडचणीत मदत मंजूर होते.

आता तब्येत. तू झोपेबद्दल काही लिहिलेलं नाहीस, म्हणून मी विचारते. रात्र रात्र झोप नाही, दोन-दोन दिवस नीट जेवण नाही, सकाळी अंथरुणातून उठवत नाही, लेक्चर बुडतायत, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर ते जेवणाच्या टेबलाने बरं होणार नाही, डॉक्टर लागतो. कॅम्पसवर विद्यार्थ्यांचं आरोग्य केंद्र असतं, तिथे मानसशास्त्रज्ञ मोफत भेटतात, आणि सांते प्सी एत्युदियां नावाची सरकारी योजना आहे ज्यात बाहेरच्या मानसशास्त्रज्ञाकडेही पैसे न भरता जाता येतं. रात्री कोणाशी तरी बोलावंसं वाटलं तर नाइटलाइन म्हणून विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांसाठी चालवलेली लाइन आहे, इंग्लिशमध्येही. आणि कधी जिवाला काही करून घ्यावंसं वाटलं, तर त्या क्षणी 3114 ला फोन कर, चोवीस तास चालू असतो, किंवा 15 ला, म्हणजे तातडीच्या वैद्यकीय मदतीला. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी हुशार, धीट मुलांनी ही मदत घेतलीय. त्याचा तुझ्या व्हिसाशी, मार्कांशी कुठेही संबंध जोडला जात नाही.

साध्या आजारपणासाठी आमेलीवर, म्हणजे इथल्या सरकारी विम्यावर नाव घातलंस ना? विद्यार्थ्यांना ते फुकट आहे. साध्या डॉक्टरची फी 30 युरो, तुझा एक नेमलेला डॉक्टर असेल तर त्यातले साधारण 19 परत येतात. यात आपल्या मुलांचं हमखास अडतं ते जन्मदाखल्यावर. विम्याचा कायमचा नंबर मिळायला आईवडिलांच्या पूर्ण नावांसकट जन्मदाखला लागतो, अपॉस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून आपल्या सरकारचा शिक्का) केलेला आणि शपथबद्ध अनुवादकाकडून फ्रेंच केलेला. आणि आपल्याकडे काय होतं, हॉस्पिटलमधून जन्माची नोंद बारशाच्या आधीच जाते, त्यामुळे कितीतरी दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा रिकामीच असते. वर आईचं नाव दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं, कारण लग्नात आडनावाबरोबर कधी कधी नावही बदललेलं असतं. इथला क्लार्क दोन वेगवेगळ्या बायका समजतो आणि फाइल परत पाठवतो. तुझा दाखला काढून बघ. नावाची जागा रिकामी असेल तर आईबाबांना महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवून नवीन दाखला काढायला सांग, तो हातात आला की मगच अपॉस्टिल.

आईबाबांचं म्हणशील तर त्यांना सांग. सगळं एकदम नाही, पण "इथे मला जड जातंय, मी मार्ग काढतेय, मार्क पासचे आहेत" एवढं खरं सांग. लोनचं ओझं तुझ्या एकटीच्या डोक्यावर घेऊन रोज फोनवर हसायचं म्हटलं की त्या फोननेच थकायला होतं. आणि 11 म्हणजे इथे काय हेही त्यांना समजावून सांग, नाहीतर मामा-काका टक्केवारी काढत बसतील.

परत जाऊ का, याचं उत्तर नोव्हेंबरमध्ये देऊ नकोस. अंधार वाढत असतो, परीक्षा डोक्यावर असते, सगळंच वाईट दिसतं. पहिल्या सेमिस्टरचे पेपर दे, निकाल हातात येऊ दे, आणि फेब्रुवारीच्या शेवटी, दिवस मोठा व्हायला लागला की ठरव. तोपर्यंत दुपारच्या जेवणाचं आणि आठवड्यातल्या त्या एका ठरलेल्या संध्याकाळचं मी सांगितलं ते मनापासून करून बघ. तरीही नको वाटलं तर जायला काहीच हरकत नाही, जाणारी मुलंही मी पाहिलीत आणि ती छान चाललीयत. फक्त तेव्हा नुसतं तिकीट काढून निघून जाऊ नकोस, कोर्सच्या प्रमुखांना भेट, एक वर्ष मध्ये थांबायची सेझ्यूर म्हणून सोय असते, मिळालेली क्रेडिट्स राखून ठेवता येतात, प्रमाणपत्र घेऊन मग जा.

आत्ता या आठवड्यात एवढंच: व्हिसाची पीडीएफ, जन्मदाखल्याचा फोटो घरून मागव, आणि सोमवारी बाराला लेक्चर सुटल्यावर फोन बॅगेत. दाखला आला की त्यावर नावं कशी लिहिलीयत ते मला कळव, आईचं नाव पासपोर्टपेक्षा वेगळं असेल तर सोबत काय पत्र जोडायचं ते लिहून देते.